देव उतरवला का?

आमच्याकडं गाडी मोडीत काढायला माणूस आला की मी त्याला पहिला प्रश्न हाच विचारते. आधार कार्ड नंतर, गाडीचं पुस्तक नंतर. "काका, देव उतरवला का?" माणूस जरा गोंधळतो. मग गाडीकडं जातो, काचेपाशी चिकटवलेला गणपती नखानं खरवडून काढतो आणि वरच्या खिशात ठेवतो. कुणी तुळजाभवानीचा फोटो काढतं, कुणी पुढं बांधलेली लिंबू-मिरचीसुद्धा सोडवून नेतं. ते झालं की मगच मी कॉम्प्युटरला हात लावते. हा नियम सरकारचा नाही, माझा आहे. दर दसऱ्याला जिची पूजा झाली त्या गाडीवर देवासकट गॅस कटर चालवायचा, हे मला काही पटत नव्हतं.

मी उषा. परभणीहून झरीकडं निघालात की डाव्या हाताला पत्र्याची मोठी शेड लागते. ते जुन्या गाड्या मोडायचं सरकारमान्य केंद्र. तिथल्या खिडकीत मी बसते. त्याआधी कितीतरी वर्षं आरटीओ ऑफिसाबाहेर एका एजंटाकडं फॉर्म भरायचं काम केलं. तोंडाची मी जरा फटकळच. खिडकीपलीकडं सरपंच असो का दादालोक असो, कागद अपुरा असला की परत पाठवते. मी कुणाच्या बापाला भीत नाही, असं आमच्या इथं सगळ्यांना ठाऊक आहे. ते खरंच आहे. मला भीती होती ती फक्त स्वतःच्या बापाची. ते मारतील म्हणून नव्हे, दिसतील म्हणून.

पण आधी कामाचं सांगते, कारण लोकांना वाटतं त्यात काय एवढं, गाडी तोडायची आणि लोखंड विकायचं. पूर्वी तसंच होतं. गाडी थकली की माणूस ती भंगाराच्या गोडाऊनला न्यायचा, घासाघीस करायचा आणि मोकळा व्हायचा. गाडी मरायची, पण कागदावर तिचा नंबर जिवंत राहायचा. कधीकधी त्या नंबराची पाटी दुसऱ्याच गाडीवर फिरायची. आमच्याकडं एक रिटायर गुरुजी आले होते. त्यांची स्कूटर भंगारात जाऊन जमाना झाला होता आणि अचानक पोलीस दारात. म्हणे तुमच्या स्कूटरनं नांदेडात कुणालातरी उडवलं. गुरुजी म्हणाले, "अहो, माझी स्कूटर तर एव्हाना कुणाच्या घरची कढई झाली असंल, ती कशाला कुणाला उडवती?" आम्ही हसलो, पण ते बिचारे कितीतरी महिने चकरा मारत होते.

आता तसं चालत नाही. लायसन असलेल्या केंद्रातच गाडी मोडायची. मालकानं स्वतः यायचं, नाहीतर अधिकारपत्र देऊन माणूस पाठवायचा. गाडी चोरीची नाही ना, तिच्यावर बँकेचा बोजा नाही ना, हे मी कॉम्प्युटरवर बघते. सगळं नीट असलं की 'गाडी जमा' असं प्रमाणपत्र निघतं. नवी गाडी घेताना त्यावर करात सूट मिळते. ते निघालं की त्या क्षणापासून गाडी मालकाची राहत नाही, आमची होते. मग तिच्यातलं डिझेल, ऑइल, बॅटरी काढून घ्यायची, म्हणजे ते मातीत मुरत नाही. मग कापायची. चेसिस नंबरचा तेवढा तुकडा जपून ठेवायचा. शेवटी आरटीओत तो नंबर कायमचा बंद होतो. माणसाचा मृत्यूचा दाखला असतो ना, तसंच.

गिऱ्हाईकं एकेक नमुना असतात. एकानं मोटरसायकल ढकलत आणली. बघते तर मधी सगळं रिकामं. "इंजिन कुठंय हो?" तर म्हणे, "ते व्हय? ते हिरीवर बसवलंय मॅडम. पानी लय मस्त वढायलंय. तुमी बाकीची गाडी घ्या की!" दोन सख्खे भाऊ एका जीपसाठी आले, आणि प्रमाणपत्र कुणाच्या हातात द्यायचं यावरून माझ्या खिडकीसमोर एकमेकांच्या गचांड्या धरल्या. मी पाण्याची बाटली दोघांच्या मधी ओतली तेव्हा कुठं वेगळे झाले.

आणि एक राणीसावरगावचे काका. त्यांच्याबद्दल लिहिलंच पाहिजे, कारण पुढं जे घडलं त्याची खूण तिथंच होती. त्यांची जीप गंगाखेडला शिटा मारायची, म्हणजे माणसं ने-आण करायची. जीपवाल्यांची एक रीत असते, काचेवर नाहीतर बॉनेटवर घरातल्या माणसाचं नाव पेंटरकडून काढून घ्यायचं. काकांच्या बॉनेटवर 'भागीरथी' असं होतं, वेलबुट्टीसकट. प्रमाणपत्र निघालं, काका बाहेर गेले आणि अर्ध्या तासानं परत खिडकीत.

"बाई, तेवढा नावाचा पत्रा कापून द्या मला. मालकिनीचं नाव हाय. ती गेली औंदा. तिला वाचाया येत नव्हतं, पर आपलं नाव कुटं लिवलंय ते ठावं होतं. जाता-येता हात फिरवायची त्याच्यावरून."

मी म्हणाले, "काका, गाडी जमा झाली. आता तिच्यातला स्क्रूसुद्धा बाहेर जात नाही. आधी सांगायचं ना. देव उतरवला का, असं विचारलं होतं मी तुम्हाला."

"देवाचं इचारलंत बाई," काका म्हणाले. "नावाचं न्हाई इचारलं."

"नियम म्हणजे नियम," मी म्हणाले. ते 'बरं' म्हणाले आणि गेले. त्या दिवशी मी घरी गेल्यावर नवऱ्याला हा किस्सा मोठ्या तोऱ्यात सांगितला. माझ्या खिडकीतून कुणाचा स्क्रू सुटत नाही म्हणून.

आता माझ्या वडिलांचं. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. नाव ज्ञानोबा. गावाकडं कोरडवाहू तुकड्यावर पोट भरेना म्हणून परभणीत आले आणि हातगाडी घेऊन गल्लोगल्ली "भंगाऽऽर, लोखंऽऽड, पत्राऽऽ" असं ओरडत फिरले. पुढं छोटं गोडाऊन टाकलं. मग बँकेचं कर्ज काढून नवाकोरा तीनचाकी टेम्पो घेतला. त्या दिवशी आईनं टेम्पोला ओवाळलं आणि अण्णांनी पेंटरला बोलावून काचेच्या वर, बाहेरच्या बाजूला, लालभडक अक्षरांत लिहून घेतलं, 'कु. उषा'. मी एकुलती एक. त्यांना वाटलं पोरगी हरखून जाईल.

मी तेव्हा नुकतीच कॉलेजात जायला लागले होते. हरखते कसली! दुसऱ्याच दिवशी वर्गातल्या एकीनं सगळ्यांसमोर विचारलं, "अगं, त्या भंगारवाल्याच्या टेम्पोवर तुझं नाव कसं?" पोरी खिदळल्या. मी घरी येऊन जेवले नाही. जाऊन अण्णांना म्हणाले, "ते नाव पुसा. आत्ताच्या आत्ता." सकाळी बघितलं तर काचेच्या वर निळ्या रंगाचा पट्टा मारलेला होता.

ते मला रोज टेम्पोतूनच कॉलेजला सोडायचे. फाटकाच्या बऱ्याच अलीकडं एक पिंपळ होता. तिथं आलं की मी म्हणायचे, "हितंच उतरवा अण्णा. पुढं माझ्या ओळखीच्या पोरी असतात." ते उतरवायचे. पुढं पुढं तर मला म्हणावंच लागायचं नाही. पिंपळ आला की टेम्पो आपोआप थांबायचा. भंगाराच्या पैशातून माझं बी.ए. झालं, टायपिंग झालं, कॉम्प्युटर झाला, लग्न झालं. लग्नात नवऱ्याकडच्यांना सांगितलं, वडिलांचा 'लोखंडाचा व्यापार' आहे. तेही मीच सुचवलं होतं.

केंद्रात लागल्यावर तर कळसच केला. रविवारी माहेरी गेले की अण्णांना कायदा शिकवायचे. "तुमचं गोडाऊन आता बेकायदा आहे अण्णा. लायसन नसताना गाडी कापली तर गुन्हा दाखल होईल. माझी नोकरी तिथं, माझी काय इज्जत राहील?" लायसन काढायचं तर पक्की शेड पाहिजे, यंत्रं पाहिजेत, काय काय पाहिजे. कुठून आणायचं त्यांनी? थोड्याच दिवसांत त्यांनी गोडाऊनला कुलूप लावलं. मला वाटलं, चला, सुंठीवाचून खोकला गेला. असं वाटलं मला, लाज वाटते लिहिताना.

राहता राहिला टेम्पो. तो पासिंगला नापास झाला आणि अण्णा म्हणाले, "तुझ्याच हापिसात आनतो. नंबर मोकळा फिराया नगं."

मी म्हणाले, "कुणाला तरी अधिकारपत्र देऊन पाठवा ना. तुम्ही कशाला उन्हातान्हाचं?"

"मालकानं सोता यावं म्हनतीस की तू."

आले ते. बाजाराचा दिवस होता, खिडकीसमोर बरीच रांग होती. मी टेम्पोचा आवाज फाटकापासूनच ओळखला. तो आवाज ऐकत मी लहानाची मोठी झाले, पण मान वर केली नाही. अण्णांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, गळ्यात टॉवेल. रांगेतून पुढं सरकत सरकत खिडकीशी आले आणि दोन्ही हात जोडून म्हणाले, "नमस्कार मॅडम."

हे आमचं ठरलेलं नव्हतं. मी त्यांना कधी तसं सांगितलं नव्हतं. त्यांचं तेच ठरवून आले होते. आणि मी काय केलं असेल? "अहो अण्णा, आत या, बसा" असं म्हणायला तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं, पण रांगेतला एक पांढऱ्या शर्टातला माणूस मागून ओरडला, "ए भंगारवाले बाबा, आटपा की लवकर!" त्यांना सगळं शहर ओळखतं. माझं तोंड मिटलं. मी म्हणाले, "कागद आणलेत का? पूर्ण नाव सांगा."

त्यांनी मला, त्यांच्या पोटच्या पोरीला, स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं. मी टाइप केलं. "बोजा उतरवलाय का?" "व्हय मॅडम, बँकेचा कागद जोडलाय." "इथं सही करा." त्यांनी वाकडी सही केली, ती मीच शिकवलेली, चौथीत असताना. माझी बोटं इतक्या घाईनं कधी चालली नसतील. लवकर उरकावं आणि ते लवकर जावेत, एवढंच डोक्यात. प्रमाणपत्र निघालं, शिक्का मारला, हातात दिलं आणि "पुढचे" असं ओरडले.

देव उतरवला का, हे विचारलंच नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

थोड्या वेळानं आमचे गॅस कटर चालवणारे युनूसभाई शेडमधून ओरडले, "मॅडम, जरा या! देव राहिला की ह्याच्यात!"

नियम माझा, चूकही माझीच, मलाच जावं लागणार. गेले. अण्णा कडेला लिंबाखाली उभे होते, प्रमाणपत्राची घडी खिशात घालत. शेडमधली पोरं बॅटरी काढत होती. युनूसभाईंनी टेम्पोच्या दाराकडं बोट केलं. मी आत डोकावले. काचेच्या वर, आतल्या बाजूला, वाळून कोळ झालेली झेंडूची माळ होती. पत्र्यावर उदबत्तीचा धूर बसून काळा डाग पडलेला. थरावर थर हळदी-कुंकू. मी माळ बाजूला केली.

मागं देवबिव काही नव्हता. लाल अक्षरं होती, 'कु. उषा'. पेंटरनं काढलेली नव्हती, अण्णांनीच काढली होती, उकार उलट्या बाजूला वळलेला. बाहेरचं नाव पुसलं त्याच वेळी आत लिहिलं असणार, चालवणाऱ्यालाच दिसेल असं. दर दसऱ्याला ते त्या नावाची पूजा करत होते, आणि त्याच टेम्पोतून मी कॉलेजला जात होते. मी कायम मागं हौद्यात, भंगारावर पोतं टाकून बसायचे, त्यांच्या शेजारी बसलेलं कुणी बघू नये म्हणून. त्यामुळं मला ते कधी दिसलंच नाही.

पोरं जमली होती. तेवढ्यात अण्णा लगबगीनं पुढं आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाले, "ते व्हय? ते पयल्या मालकाच्या पोरीचं नाव हाय! म्या टेम्पो जुनाच घेतलेला. ऱ्हाऊन गेलं पुसायचं."

युनूसभाई खाली बघत म्हणाले, "हां, असंल, असंल."

मी दिवसभर लोकांचं खोटं पकडते. कोण कागदात काय लपवतो ते मला तोंडावरून कळतं. आणि इथं माझा म्हातारा बाप माझ्यासाठी चारचौघांत खोटं बोलत होता, आणि ते किती सराईतपणे, वर्षानुवर्षं बोलत आल्यासारखं.

"अण्णा," मी म्हणाले, "खोटं कशाला बोलायलात?"

ते दचकले. हळूच म्हणाले, "गप. नोकरी हाय तुझी."

मी युनूसभाईंकडं वळले. "युनूसभाई, हे माझे वडील आहेत. हा टेम्पो त्यांनी नवा घेतलेला. हे नाव माझं आहे."

युनूसभाईंनी हातमोजे काढले. म्हणाले, "मालूम हाय मॅडम. सगळ्यांलाच मालूम हाय. मी कापायला शिकलो ते अण्णांच्याच गोडाऊनमधी. तुमी हितं लागला तवा अण्णा आमच्या घरी आले, म्हणले पोरीसमोर माझी वळख काढू नगा. तिच्यासमोर भंगार हा शब्दसुद्धा काढू नगा, तिला लागतंय. तवापासून आमी न्हाई काढला."

खरंच, कुणी काढला नव्हता. गिऱ्हाईकं काढायची, शेडमधल्या माणसांनी कधीच नाही. मला वाटायचं, माझ्या धाकानं बोलत नाहीत. इतकी वर्षं मी झाकत होते ते फक्त माझ्या मलाच झाकलेलं वाटत होतं. बाकी साऱ्या शेडनं माझ्या बापाच्या शब्दाखातर डोळे मिटून घेतले होते. त्या क्षणी धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

"कापून देऊ का तेवढा पत्रा?" युनूसभाईंनी विचारलं. "आत्ता होतंय."

मी हो म्हणणार होते. शब्द अगदी ओठांवर आला होता. पण मला बॉनेटवरची 'भागीरथी' दिसली आणि 'बरं' म्हणून गेलेले काका दिसले. टेम्पो जमा झाला होता, माझ्याच शिक्क्यानं. मी विचारलं असतं, देव उतरवला का, तर अण्णांनी तो पत्रा आधीच काढून नेला असता. मी त्यांना घालवायच्या घाईत होते.

"नको," मी म्हणाले. "जमा झालाय."

"बराबर हाय," अण्णा म्हणाले. "नियम म्हंजी नियम. कापा युनूस." आणि लिंबाखाली जाऊन पाठ करून उभे राहिले. युनूसभाईंनी रीतीप्रमाणे कापायच्या आधी नारळ फोडला. एरवी कापायला सुरुवात झाली की मी आत जाऊन बसते, त्या दिवशी तिथंच उभी राहिले. वरचा पत्रा सगळ्यात आधी निघतो.

काम सुटल्यावर मी अण्णांना म्हणाले, "चला, आज माझ्याकडं जेवायला." ते नको नको म्हणत होते, पण टेम्पो तर गेला, जाणार कशानं? माझ्या स्कूटीवर मागं बसले, अंग चोरून. मला काय काय करायचं होतं. राणीसावरगावला जाऊन त्या काकांची माफी मागायची होती, गोडाऊनचं कुलूप परत उघडायचं होतं, पिंपळापासून कॉलेजच्या फाटकापर्यंतचा रस्ता त्यांच्या शेजारी बसून परत एकदा जायचं होतं. यातलं आता काहीच होणारं नव्हतं. राणीसावरगावला तेवढं जाता येईल, ते जाईन.

आमच्या कॉलनीची कमान दिसायला लागली तसा माझ्या खांद्यावर त्यांचा हात पडला.

"हितंच उतरव मला," अण्णा म्हणाले. "म्होरं तुझ्या वळखीचे लोक असतेत."

मी थांबले नाही. गाडी तशीच कमानीतून आत घातली. आरशात बघितलं तर अण्णांनी गळ्यातला टॉवेल काढून डोळ्यांपर्यंत तोंडाला गुंडाळून घेतला होता, धुळीत गुंडाळतात तसा. आमच्या कॉलनीतला रस्ता सिमेंटचा आहे. तिथं धूळ नसते.